गावातला सर्वांत माहीतगार माणूस

चि. मुक्ता आणि चि. शंतनू यांस,

दोनेक महिन्यांपूर्वी तुमच्या बाबांनी घरच्या ग्रुपवर आपल्या गावातल्या फ्लेक्सचा फोटो टाकला. काळा कोट घातलेले एक गृहस्थ, दोन्ही बाजूंना समया, आणि खाली ‘लोकशाहीचा दीपस्तंभ हरपला’. त्यावर शंतनूने लिहिले की, आजी, अशी माणसे प्रत्येक गावात हवीत. तुम्ही दोघे तिकडे बसून वाटेल ते मत बनवा, पण हे मत त्या फ्लेक्सवरून बनले आहे. तो फ्लेक्स ज्यांनी लावला त्यांनी तो मजकूर वाचलेलाही नाही. म्हणून हे लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे; अडेल तिथे बाबांना विचारा.

त्या गृहस्थांना गावात सगळे ‘सर’ म्हणायचे, म्हणून मीही सरच म्हणते. आम्ही बरीच वर्षे एका शाळेत शिकवले. मी इंग्रजी, ते इतिहास आणि नागरिकशास्त्र. स्टाफरूममध्ये त्यांचे टेबल माझ्या टेबलाशेजारी होते, त्यामुळे त्यांच्याविषयी मला जे माहीत आहे ते जवळून पाहिलेले आहे. शाळेत येणारे वर्तमानपत्र त्यांच्या आधी कोणी उघडायचे नाही, असा अलिखित नियम होता. ते लाल पेन्सिल घेऊन बसत आणि अग्रलेख तपासत. समासात शेरे लिहीत, शेवटी गुण देत. दहापैकी चारच्या वर कोणत्याही संपादकाला त्यांनी कधी जाऊ दिले नाही. आमचे वाचन मग त्या लाल रेघांमधून चालायचे.

निवडणूक आली की शाळेची मतदार जागृतीची फेरी निघे आणि तिच्या पुढे सर असत. मुलांच्या हातात पाट्या, सरांच्या हातात कर्णा. फेरी गावभर फिरून मतदान केंद्राच्या, म्हणजे आमच्याच शाळेच्या, दाराशी विसर्जित होई, आणि सर घरी जात. मतदानाच्या दिवशीही ते घरीच असत. त्यांनी आयुष्यात एकदाही मत दिले नाही. निवडणुकीची ड्यूटीही केली नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांची पाठ धरायची आणि निकालाच्या दिवशी सकाळी सुटायची. मी एकदा सरळ विचारले, की सर, तुम्ही मुलांना मतदान हे पवित्र कर्तव्य म्हणून शिकवता, मग स्वतः का जात नाही? ते जराही ओशाळले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “बाई, पंच कधी खो-खो खेळतो का?”

हे उत्तर आपल्याला फार शोभून दिसते असे त्यांना वाटायचे. मी म्हटले, पंचाला निदान शिट्टी तरी वाजवावी लागते. ते हसले आणि पुन्हा अग्रलेखाकडे वळले.

निवृत्त झाल्यावर त्यांना मैदान मोकळे झाले. त्यांचे घर रस्त्याच्या या बाजूला, शाळा समोर, आणि शेजारी दूध डेअरी. सकाळी दूध घालायला गाव येतेच. कॅन मोजून होईपर्यंत माणसे उभी असतात, आणि उभ्या माणसाला ओटा दिसला की तो टेकतो. सरांनी टीव्ही घरातून काढून ओट्यावर आणला, तोंड रस्त्याकडे केले, आणि मग त्यांनी जे केले ते मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेले नाही. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. बातम्या देणारी मुलगी ओठ हलवायची आणि आवाज सरांचा असायचा. ती काय म्हणते आहे यापेक्षा ती काय म्हणत नाही आहे, हे ते सांगत. “हे वरवर दिसतं तसं नाही,” हे त्यांचे सुरुवातीचे वाक्य. “आतली गोष्ट वेगळी आहे,” हे मधले. आणि दुसऱ्या दिवशी काहीही घडलेले असो, “मी आधीच बोललो होतो,” हे शेवटचे.

मोबाईल आल्यावर सरांनी दोन घेतले, आणि दोन्ही सतत वाजत. बारामतीहून कोणी काहीतरी कळवायचे, इंदापूरहून कोणी त्याच्या उलट कळवायचे, आणि सर दोन्ही वाचून दाखवून म्हणायचे की सत्य या दोन्हींच्या मध्ये आहे. दिल्लीत कोणाचे कोणाशी बिनसले, अमेरिकेत कोणत्या राज्यात कोण पुढे आहे, युरोपात कोणते सरकार किती महिने टिकेल, हे आपल्या गावच्या दुधवाल्यांना तोंडपाठ होते. गावाच्या पंचायतीत पाण्याच्या मोटारीचे काय झाले, हे मात्र कोणी विचारायचे नाही. तो विषय सरांच्या मते फार खालच्या पातळीवरचा होता.

तुमचे आजोबा त्या ओट्यावर रोज जायचे. दुधाला म्हणून जायचे आणि जेवायला यायचे. ते हे वाचणार आहेत, वाचू देत.

ओट्यावर बसायला लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. त्या सरांच्या नव्हत्या. बायकांच्या बचत गटाने बारशा-साखरपुड्याला भाड्याने देण्यासाठी त्या घेतल्या होत्या, आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून सरांच्या पुढच्या खोलीत ठेवल्या होत्या. भाडे नसेल तेव्हा सरांनी वापराव्यात असे ठरले होते. लोकशाहीचा तो सगळा दीपस्तंभ बायकांच्या खुर्च्यांवर उभा होता. फोटोत तेवढे दिसत नाही.

आता पाण्याचे सांगते, कारण सर समजायचे तर ते सांगावेच लागेल.

आपल्या गावाच्या खालच्या अंगाला, कालव्यापलीकडे, एक वस्ती आहे. तिथे कमल राहते. माहेर दुष्काळी कऱ्हाटीचे, म्हणजे पाण्याची किंमत आईच्या दुधाबरोबर कळलेली. वस्तीवर तेव्हा नळ नव्हता. कमल आणि तिची मुलगी कालव्याचा पूल ओलांडून, मोठ्या रस्त्याच्या पलीकडून हंडे आणायच्या. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर लावून जातात. तो शेवटचा ट्रेलर कुठे झोकांडेल हे ड्रायव्हरलाही माहीत नसते. मुलगी हुशार होती. माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजीला यायची. उन्हाळा लागला की यायची बंद व्हायची, कारण हंडे वाढायचे. कमल मला म्हणाली होती, “बाई, ही धावीला गेली की मी तिला हांड्यापायी घरी बसवनार न्हाय. पर मंग पानी कोन आननार, ते बी सांगा.”

गावाला पाण्याची टाकी मंजूर झाली. ती कुठे बांधायची हे ग्रामसभेत ठरायचे होते. वस्तीच्या बाजूला उंचवटा आहे, तिथे झाली असती तर वस्तीला आणि गावाला दोन्हीकडे पाणी गेले असते. सरपंचांना ती वरच्या आळीला, आपल्या भावकीच्या मळ्याजवळ हवी होती.

सभा शाळेच्या पटांगणात होती. मी गेले. कमल आणि वस्तीच्या बायका होत्या, चार म्हातारे होते, पंचायतीची माणसे होती. आपल्या गावाला सभेच्या गणपूर्तीला शंभर माणसे लागतात. रस्त्याच्या पलीकडे सरांच्या ओट्यावर आणि ओट्याखाली निम्म्याहून जास्त गणपूर्ती बसलेली होती. मला पटांगणातून दिसत होती. कुठल्याशा परदेशी निवडणुकीची मोजणी चालू होती आणि सर आकडे सांगत होते.

ग्रामसेवकांनी वाट पाहिली, मग सभा तहकूब झाल्याचे सांगितले. मी आणि कमल रस्ता ओलांडून ओट्याशी गेलो तेव्हा सर त्याच विषयावर बोलत होते. खुशीत होते. म्हणाले, “बघा, तहकूब झाली ना? मी आधीच बोललो होतो. आता कायदा काय सांगतो? तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. आठ-दहा माणसं बसतील, ठराव करतील, टाकी वरच्या आळीला जाईल. लिहून ठेवा.”

सगळ्यांनी माना हलवल्या. किती अभ्यास आहे सरांचा, असा तो भाव होता. आजोबांनीही मान हलवली.

मुलांनो, या माणसाचे भाकीत खोटे ठरले असे कधी झाले नाही. ते खोटे ठरवायला जी माणसे लागली असती ती सगळी त्याच्यापुढे बसून ते ऐकत होती. टाकी वरच्या आळीलाच झाली. तो ठराव करायला दहा मिनिटेही लागली नसतील. सरांनी दुसऱ्या दिवशी त्याचे सुंदर विश्लेषण केले.

दोन उन्हाळे गेले. मग वस्त्यांसाठी आणखी एक टाकी मंजूर झाली आणि सरपंचांच्या मनात तीही वरच्या आळीलाच होती. तिथे आता त्यांच्या पुतण्याचे नवे घर उठत होते. कमलची मुलगी तेव्हा दहावीला गेली होती. म्हणजे आता कमलला टाळाटाळ परवडणारी नव्हती.

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा भरवावी लागते. पूर्वी ती कागदावरच व्हायची. या वेळी ती खरोखर झाली आणि टाकी वस्तीवरच व्हावी असा ठराव बायकांनी केला. पण तो मोठ्या सभेपुढे मंजूर व्हायला हवा होता आणि मोठ्या सभेला माणसे हवी होती. कोणीतरी म्हणाले, सरांना विचारू. त्यांचे गाव ऐकते.

कमल गेली, मी तिच्याबरोबर गेले. सरांनी सगळे ऐकून घेतले. त्यांना आनंदच झाला. स्थानिक पातळीवरचा असला तरी एक अंदाज बांधायला मिळत होता. त्यांनी डोळे मिटून आळी-आळीने हिशेब मांडला. अमुक भावकी येणार नाही, अमुक येईल पण सरपंचांकडे, बागवाले बाजाराला जातील, दूधवाले काठावर. शेवटी डोळे उघडून म्हणाले, “नाही होत. गणित जुळत नाही.”

कमल म्हणाली, “सर, तुमी समद्या गावाला धरलं. सोताला कुठं धरलं?”

“मी स्वतःला धरत नसतो.”

“का वं?”

“मी निरीक्षक आहे, कमल. मी तिथं गेलो तर निरीक्षण कोण करणार?”

कमलने टीव्हीकडे पाहिले. त्यावर कोणीतरी हातवारे करत होते, अर्थात आवाजाविना. मग म्हणाली, “तुमी आला तर तुमच्या मागनं ही समदी येत्याल. येवढंच काम हाय.” सर म्हणाले की लोकांनी आपल्या विवेकाने जावे, कोणाच्या मागून जाऊ नये, आणि त्यावर त्यांनी आम्हाला बराच वेळ सांगितले. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, चहा घेऊन आल्या होत्या. त्या प्रत्येक मतदानाला सकाळी पहिल्या रांगेत असत. याचे विश्लेषण सरांनी कधी केले नव्हते.

परत येताना मी चिडले होते. असल्या माणसाला लोक ऐकतात तरी का, असे म्हणाले. कमल म्हणाली, “त्यास्नी कोन ऐकतंय, बाई? दुधाचं कॅन व्हईस्तोवर टेकायला जागा गावती, म्हनून बसत्यात. जागा गावली की बाप्ये हलत न्हाईत. मग जागाच हलवू.”

सभेचा दिवस उजाडला. ग्रामसेवक पटांगणात आले होते, हजेरीची वही टेबलावर होती, आणि पटांगण मागच्या वेळेसारखेच रिकामे. ओटा मात्र भरलेला. सर ऐन रंगात होते. तेवढ्यात कमल आणि बचत गटाच्या बायका ओट्यापुढे आल्या. कमल अगदी साधेपणाने म्हणाली, “सर, खुर्च्या पायजेत. भाडं लागलंय.”

भाडे लागले की खुर्च्या द्यायच्या, असे ठरलेलेच होते. आणि आपल्या गावची माणसे कितीही राजकारणी असली तरी बाईमाणूस समोर उभे राहिले की उठतात. सगळे उठले. बायकांनी खुर्च्या एकात एक घातल्या, डोक्यावर घेतल्या आणि रस्ता ओलांडायला लागल्या. तुमचे आजोबा गुडघ्यावर हात ठेवून उभे होते. त्यांनी विचारले, “कुठं नेताय?”

“शाळंत, तात्या. मांडून ठिवतो. या बसायला.”

पहिले गुडघेवाले गेले. त्यांच्यामागे त्यांच्याशी बोलत असलेले गेले. मग ज्यांना ओट्यावर आता कोणी ओळखीचे उरले नव्हते तेही गेले. पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या आणि खुर्च्यांच्या वाटेवरच हजेरीचे टेबल होते. सही किंवा अंगठा, मग खुर्ची. वस्तीच्या बायका तिथे उभ्याच होत्या. बाजाराला निघालेले दोन-तीन बागवाले टेंपो थांबवून काय चालले आहे ते पाहायला उतरले. त्यांच्याही सह्या झाल्या.

शेवटच्या दोन खुर्च्या ओट्यावर राहिल्या होत्या. घरातून वहिनी बाहेर आल्या, पदर खोचला आणि त्या दोन्ही उचलल्या. पायरी उतरताना मागे न पाहता सरांना म्हणाल्या, “दूध गॅसवर आहे. लक्ष ठेवा.”

सर आपल्या लाकडी आरामखुर्चीत एकटे होते. ती त्यांची स्वतःची होती. कमल पुन्हा रस्ता ओलांडून त्यांच्यापाशी गेली. मी फाटकापाशीच होते, मला ऐकू आले.

“सर, ही बी नेऊ का?”

“ही माझी आहे.”

“मंग तुमी घिऊन या. हातभर तर हाय.”

ते आले नाहीत. मी मान वळवून दोनदा पाहिले. ते बंद आवाजाच्या टीव्हीकडे पाहत काहीतरी बोलत होते. ऐकायला समोर कोणी नव्हते. त्या क्षणी मला त्यांची कीव आली असेल, असे तुम्हाला वाटेल. नाही आली. साठ पावले चालायची होती आणि पलीकडे एका मुलीची दहावी होती.

सभा पूर्ण भरली. सरपंचांनी एकदा खुर्च्यांकडे पाहिले, एकदा ग्रामसेवकांकडे, आणि तब्येत ठीक नसल्याचे सांगून पाहिले. कोणी हलले नाही. खुर्च्या आरामशीर होत्या. वस्तीच्या टाकीचा ठराव वाचला गेला. हात वर करा म्हटल्यावर पुरुष इकडे-तिकडे पाहू लागले. मग त्यांनी मागे पाहिले. मागे त्यांच्या बायका उभ्या होत्या. हात वर गेले. तुमच्या आजोबांचा हात लवकर गेला, हे त्यांच्या बाजूने सांगते.

सभा संपवून वहिनी घरी गेल्या तेव्हा दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि स्वयंपाकघरभर वास सुटला होता. सर ओट्यावरच होते. त्यांनी नंतर मला सांगितले की नेमके त्याच वेळी एक महत्त्वाचा निकाल लागत होता.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या परत ओट्यावर आल्या आणि माणसेही आली. मी मुद्दाम दूध घालायला गेले. सर सांगत होते की महिलांमध्ये एक सुप्त लाट होती, ती वरवर दिसत नव्हती, पण आतली गोष्ट वेगळी होती. आणि मग अपेक्षेप्रमाणे, “मी आधीच बोललो होतो.” सगळ्यांनी माना हलवल्या. कमल कॅन घेऊन उभी होती. ती म्हणाली, “व्हय, बोलला हुता. ‘न्हाय होत’ म्हनला हुता.” दोघे-तिघे हसले. सरांनी टीव्हीकडे बोट करून विषय बदलला.

न्याय म्हणून एक सांगते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे कमलला सरांच्या ओट्यावरच कळले होते. ते कळले नसते तर पहिली सभा बुडाल्याने काय बुडाले हे तिला समजले नसते. कमल ते ऐकून उठली. सर ते सांगून बसून राहिले. शंतनू, तू मला फोनवर म्हणालास की तू रोज राजकारणावरचे तासभर ऐकतोस, आणि तुझ्या तिकडच्या पालिकेची निवडणूक कधी झाली ते तुला आठवत नव्हते. म्हणून हे एवढे लांबवले.

सर गेले ते झोपेत, शांतपणे. शोकसभेला सर्व पक्षांची माणसे होती; त्यांनी कोणालाच कधी मत दिले नव्हते, त्यामुळे कोणाचीच तक्रार नव्हती. मतदार यादीतून त्यांचे नाव अजून काढलेले नाही. फरक काहीच पडत नाही.

फ्लेक्स महिनाभर राहिला, मग वाऱ्याने एका बाजूने सुटला. आता तो शेजारच्या कडब्याच्या गंजीवर अंथरलेला आहे, छापील बाजू खाली. ओट्यावरचा टीव्ही वहिनींनी आत नेला. त्या आता तो आवाज लावून पाहतात. कमलची मुलगी बारामतीला नर्सिंग शिकते. ग्रामसभेच्या दिवशी खुर्च्या अजूनही बायकाच डोक्यावर घेऊन पटांगणात नेतात. वस्तीवरची टाकी उभी आहे, आणि तिचे पाणी एक दिवसाआड सकाळी नळाला येते.